मेलबर्नचं लग्न आणि समरलँडची घरं

आमच्या कर्जत तालुक्याचा आणि समुद्राचा संबंध लांबचा. पडेल तेवढा पाऊस सीनेला नाहीतर भीमेला मिळतो, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो. आम्ही माणसं फार तर अलिबाग-गणपतीपुळ्याला जाणार, घोट्याइतक्या पाण्यात उभं राहून फोटो काढणार, भेळ खाऊन परत येणार. पण धाकट्या बहिणीच्या लेकीचं लग्न मेलबर्नला ठरलं आणि बहिणीचा फोन आला, ‘दादा, तू नाही आलास तर गुरुजी हाक कुणाला मारतील?’

हाक म्हणजे ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं’ ही. अंतरपाटाआड मुलगी उभी राहिली की तिच्या पाठीशी मामा लागतो. बाकीचं सगळं हॉलवाला पुरवतो, मामा तेवढा पुरवत नाही. तेव्हा मी, बायको आणि आई असे तिघे निघालो. आईने ऐंशी ओलांडलेली, पण नातीचं लग्न म्हटल्यावर तिला कोण अडवणार? व्हिसाच्या कागदपत्रांचं पुराण सांगत बसत नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर आणि आमच्या पासपोर्टवर अहमदनगर, याचंही तिकडे कुणाला काही पडलेलं नव्हतं.

त्यांना पडलेलं होतं ते भलत्याच गोष्टींचं. उतरण्याआधी विमानात एक कार्ड भरायला देतात. मांस आहे का, दुधाचं काही आहे का, बी-बियाणं, पानं-फुलं, लाकडी वस्तू आहेत का, माती लागलेली पादत्राणं आहेत का. आणि गेल्या तीस दिवसांत शेतावर किंवा जनावरांत गेला होता का? ज्याचं घरच शेतात त्याने याला काय उत्तर द्यावं? सगळीकडे ‘होय’वर फुली मारली आणि लाल रांगेत जाऊन उभे राहिलो.

टेबलामागचा अधिकारी तरुण होता, बोलायला गोड. त्याने एकेक पिशवी उघडली. कुरडया पाहिल्या, हातात घेऊन उजेडासमोर धरल्या, परत ठेवल्या. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडून वास घेतला आणि झाकण लावून दिला. लग्नासाठी नेलेला सागवानी पाट त्याने उलटा केला आणि बॅटरी घेऊन बारीक भोकं शोधत बसला, किडा असला तर म्हणून. पाट पास झाला. कलशासाठी आईने ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली आंब्याची पानं गेली. पेढे गेले.

पेढे का गेले हे त्याने सांगितलं तेव्हा मी गप्पच झालो. लाळ्या-खुरकूत. ज्या देशात हा रोग आहे तिथून दुधाचं काही आणू देत नाहीत. ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर हा रोग आलेला नाही आणि तो येऊ नये म्हणून एवढा खटाटोप. आमच्याकडे लस टोचायची राहिली की गोठ्यातली जनावरं कशी तोंडाला फेस आणून, खूर उचलत उभी राहतात ते मी पाहिलेलं आहे. दुधावर जगणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अक्षतांसाठी तांदूळ न्यायचे नाहीत, हे बहिणीने आधीच बजावलं होतं. तांदूळ, हरभरे, जिरं, धने या सगळ्याला प्रवाशाच्या सामानातून बंदी आहे आणि ती कशामुळे, तर आपल्या कणगीतल्या खपरा भुंगेऱ्यामुळे. धान्याचं पीठ करून टाकणारा हा किडा मूळचा आपल्याच उपखंडातला.

शेवटी त्याने माझ्या वहाणा मागितल्या. निघण्याच्या आदल्या दिवशी तुरीत गेलो होतो. काळी माती टाचेच्या शिवणीत वाळून बसली होती. तो वहाणा घेऊन आत गेला. पाण्याचा आवाज आला. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्याने त्या दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवल्या, ओल्या आणि आणल्या तेव्हापेक्षा स्वच्छ. माझ्या वहाणा आजवर दुसऱ्या कुणी धुतल्या नव्हत्या. मला संकोच वाटला. आई मात्र पेढ्यांच्या दुःखात होती.

लग्नाचा बाजार डँडेनाँगला केला. मेलबर्नच्या आग्नेयेला हे उपनगर आहे आणि तिथल्या फॉस्टर स्ट्रीटला लिटल इंडिया म्हणतात. बांगड्या, मुंडावळ्या, हळकुंडं, सुपाऱ्या, नारळ, सगळं मिळालं. कोल्हापुरी साज लावलेली पुतळी एका दुकानाच्या काचेत होती. आंब्याच्या पानांची सोय विड्याच्या पानांवर भागवली. ती जवळच्या स्प्रिंगवेलच्या व्हिएतनामी दुकानांत मिळतात.

जावई तिथलाच, ग्रीक घरातला. मेलबर्नला ग्रीक लोकांची वस्ती फार मोठी. दुसऱ्या महायुद्धानंतर बोटी भरभरून आलेले लोक. त्याची आजी तशीच तरुणपणी आलेली. लग्न कायद्याने झालं ते आधीच दिलेल्या नोटिशीवर. तिथे निदान एक महिना आधी नोटीस द्यावीच लागते आणि दोन साक्षीदार लागतात. ते पाच मिनिटांत उरकलं. मग आपलं लग्न सुरू झालं.

गुरुजी आठवडाभर बँकेत नोकरी करणारे. मुहूर्त मेलबर्नच्या सूर्योदयावरून काढलेला; दाते पंचांग इथलं, गणित तिथलं. तिकडे सकाळचे पावणेबारा म्हणजे कर्जतला सव्वासहा. गावाकडची भावकी दुधाच्या किटल्या बाजूला ठेवून फोनवर लग्न बघत होती. होमाला हॉलवाल्याने परवानगी दिली ती मोजून: कुंड एवढंच हवं, खाली पत्रा हवा, खिडक्या उघड्या आणि धुराची घंटा तेवढ्या वेळापुरती बंद. एक माणूस विझवणारं नळकांडं घेऊन सप्तपदी संपेपर्यंत उभा होता. तूप पडून ज्वाळा जरा वर गेली की तो अर्धं पाऊल पुढे यायचा. व्हिडिओत नवरा-नवरीइतकाच तो दिसतो.

हाक आली. मी भाचीला घेऊन आलो, अंतरपाटाआड उभा राहिलो. ग्रीक मंडळींना अक्षता ‘सावधान’ला टाकायच्या हे सांगितलं होतं, पण त्यांचा उत्साह दांडगा. पहिल्या मंगलाष्टकेलाच मुठी रिकाम्या झाल्या आणि परातीकडे दुसऱ्यांदा रांग लागली.

जेवणानंतर त्यांच्या आजीने प्रत्येकाला जाळीदार कापडाची पुरचुंडी दिली. आत साखरेत घोळलेले पांढरे बदाम, पाच. आईने मोजले आणि मला हळूच म्हणाली, ‘एक कमी पडला वाटतं.’ नातवाने खुलासा केला की त्यांच्यात बदाम विषमच द्यायचे, म्हणजे दोघांत वाटून सारखे होत नाहीत. जोडपं तसं न वाटलं जाणारं राहावं. आईला हे एकदम पटलं. आपण तरी आहेराच्या पाकिटात शंभराऐवजी एकशे एक का घालतो? मग तिने नातीवरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, तर ती ग्रीक आजी पुढे झाली आणि नातवाच्या दिशेने तीनदा थू-थू केलं. दृष्ट दोन्हीकडे लागते. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण त्यानंतर त्या शेजारीशेजारीच बसल्या.

लग्नानंतर बहिणीने सगळ्यांना फिलिप आयलंडला न्यायचं ठरवलं होतं. मेलबर्नपासून साधारण १४० किलोमीटर, दोन तासांचा रस्ता. सॅन रेमो नावाच्या कोळ्यांच्या गावातून पूल ओलांडला की बेट. दोन्ही आज्यांना बोटीत चढवायचं नव्हतं. त्या सॅन रेमोच्या धक्क्यावर बाकावर राहिल्या. दुपारी बाराला तिथे पेलिकन पक्ष्यांना मासे घालतात आणि ते पक्षी वेळेला बरोबर हजर असतात. बाकीचे आम्ही सील बघायला बोटीने गेलो.

बेटाच्या पश्चिम टोकाला नॉबीज नावाचे खडक आणि त्यांच्यापलीकडे समुद्रात सील रॉक्स. बोट तिथे लागत नाही, जवळ जाऊन लाटांवर डुलत राहते. आधी वास आला. गोठा पंधरा दिवस काढला नाही आणि शेजारी सुकट वाळत घातली तर जो येईल तो. मग आवाज, बोकडाच्या आणि म्हशीच्या मधला. मग खडक हलतोय असं वाटलं, आणि लक्षात आलं की खडक दिसतच नाही, सगळे सीलच आहेत. हजारोंनी. नर अडीच-तीनशे किलोंचे, माना वर करून बसलेले. नोव्हेंबर-डिसेंबर हे त्यांच्या विणीचे दिवस, त्यामुळे फटीफटींत काळी ओली पिलं. वयात न आलेले पाण्यात बोटीभोवती उलटेसुलटे होत होते. एकाने अगदी जवळ येऊन आमच्याकडे बराच वेळ पाहिलं. मिशांचे केस मोजता आले असते. माझं लक्ष त्याच्या मिशांकडे आणि बायकोचं ओकारी आवरण्याकडे.

१७९८ साली जॉर्ज बास होडीतून या किनाऱ्याला आला आणि त्याच्या मागून कातडी व्यापारी आले. कातड्यासाठी सील मारून मारून किनारे रिकामे केले. आज जे हजारो दिसतात ते त्यातून वाचलेल्यांचे वंशज. आता त्यांना धोका मासेमारीच्या तुटक्या दोऱ्यांचा. पिलं खेळायला डोकं घालतात आणि अंग वाढत जातं तसा दोरा गळ्यात रुतत जातो.

संध्याकाळी आज्यांनाही बरोबर घेऊन बेटावरच्याच समरलँडच्या किनाऱ्यावर गेलो. खरी गोष्ट इथून पुढे आहे.

लिटल पेंग्विन ही पेंग्विनांतली सर्वांत लहान जात. उंची जेमतेम फूटभर, वजन किलोच्या आसपास, पाठ निळी, पोट पांढरं. दिवसभर समुद्रात मासे धरतात आणि अंधार पडल्यावर किनाऱ्यावर येऊन बिळांत शिरतात, कारण उजेडात वरून शिकारी पक्षी टपलेले असतात. इथली वसाहत ४० हजारांच्या घरातली. पायऱ्यांवर बसून लोक बघतात. फोन, कॅमेरा दोन्ही बंद. फ्लॅशने त्यांचे डोळे दिपतात. आमच्या वऱ्हाडातल्या एकाही माणसाकडे त्या संध्याकाळचा फोटो नाही, आणि लग्नाच्या हॉलपेक्षा तिथे सगळ्यांनी जास्त नीट पाहिलं.

नोव्हेंबरअखेरीला तिथे सूर्य मावळतो सव्वाआठनंतर. वारा असा की शालीवर शाल घेतली तरी दात वाजावेत. आधी डोक्यावरून काळे पक्षी यायला लागले. हे शिअरवॉटर, अलास्काकडून सुमारे १६ हजार किलोमीटर उडून सप्टेंबरअखेरीला इथे येतात आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जोडीला एकच अंडं घालतात. एप्रिलमध्ये आई-बाप आधी निघून जातात, पिलू मागाहून एकटं, वाट कुणी न दाखवता. त्या दिवसांत सॅन रेमोच्या पुलावरचे दिवे रात्री बंद ठेवतात, कारण नवशिकी पिलं उजेडाला भुलून रस्त्यावर उतरतात आणि गाड्यांखाली सापडतात. गावाने पक्ष्यांसाठी पुलाचे दिवे बंद करायचे, हे ऐकून आईला वाटलं तिथेही भारनियमन आहे.

मग लाटेच्या फेसात एक पांढरा ठिपका उभा राहिला. दुसरा, पाचवा. पाण्याच्या कडेला घोळका करून थांबले. मधला वाळूचा पट्टा उघडा, तिथेच धोका. चारजण पुढे निघाले, कशाला तरी बिचकले, परत पाण्यात. पुन्हा जमले. आता वीस-पंचवीस झाले आणि सगळे एकदम, पुढे वाकून, पंख मागे ठेवून पळत सुटले. आई म्हणाली, ‘मेंढरंच की रं, वाड्याला निघाली.’ झाडीत शिरल्यावर त्यांची चाल मंदावली. लाकडी पुलावरून आम्ही वर निघालो तर ते खाली आमच्याबरोबरच चाललेले, हाताच्या अंतरावर, पोटं माशांनी तट्ट फुगलेली. बिळांच्या तोंडाशी पिलं आरडत होती. एक पेंग्विन आपल्या बिळापर्यंत पोचला, तर दुसऱ्याचं पिलू आडवं आलं. त्याने त्याला चोचीने बाजूला केलं आणि आत गेला.

एकेकाळी या बेटावर पेंग्विनांच्या दहा वसाहती होत्या. उरली ती ही एकच. १९२०च्या दशकापासून लोक बॅटऱ्या घेऊन पेंग्विन पाहायला येत, आणि त्याच सुमाराला जागा मोक्याची म्हणून इथे प्लॉट पाडले. घरं झाली, रस्ते झाले, कुत्री आली. कोल्हे आधीच आले होते; इंग्रजांनी शिकारीची हौस भागवायला ते विलायतेहून ऑस्ट्रेलियात आणले आणि १९०७ साली या बेटावर पहिला दिसला. १९८०च्या दशकात अभ्यासकांनी सांगितलं की असंच चाललं तर शतक संपण्याआधी पेंग्विन संपतील. तेव्हा १९८५ साली व्हिक्टोरिया सरकारने ठरवलं की समरलँडची अख्खी वसाहत विकत घ्यायची. सातशेहून अधिक प्लॉट, शंभराहून जास्त घरं. एकेक करून पैसे मोजले, घर पाडलं, रस्ता उखडला, झुडपं लावली. हे काम २०१० साली पुरं झालं. शेवटचा कोल्हा मारायला २०१५ उजाडलं आणि दोन वर्षं वाट पाहून बेट कोल्हामुक्त जाहीर केलं. आम्ही ज्या उतारावर उभे होतो तिथे कुणाची तरी पडवी असणार.

त्याच राज्यात वॉर्नांबूलजवळ मिडल आयलंड म्हणून चिमुकलं बेट आहे. ओहोटीला कोल्हे चालत जाऊन तिथले पेंग्विन मारायचे. शेकड्यांनी होते ते दहाच्या आत आले. तेव्हा एका कोंबडीपालक शेतकऱ्याने सुचवलं की मेंढ्या राखणारी मॅरेमा कुत्री ठेवा. २००६ पासून ती ठेवली आणि पेंग्विन पुन्हा वाढले. तिथे आम्हाला जाता आलं नाही, पण पारनेर-श्रीगोंद्याच्या माळावर लांडग्यांपासून मेंढरं राखणारी धनगरांची कुत्री ज्याने पाहिलीत त्याला हे सांगताच कळेल.

या सगळ्याचं कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. घरं विकत घेताना दमडी न दमडी मोजणाऱ्या याच सरकारच्या पूर्वसुरींनी बुनुराँग लोकांची ही भूमी घेतली तेव्हा कुणाला मोबदला दिला नव्हता. पेंग्विनांचे सर्वांत जुने शेजारी तेच होते.

निघताना वाहनतळावर पाटी होती: गाडी चालू करण्याआधी खाली पेंग्विन नाही ना ते पाहा. माझ्या भाच्याने लग्नातला नवा सदरा अंगात असताना डांबरावर गुडघे टेकले, फोनची बॅटरी लावली आणि चारही चाकांमागे वाकून पाहिलं. आसपासच्या प्रत्येक गाडीशी कोणी ना कोणी तसंच वाकलेलं होतं. पेंग्विन नव्हता. मग गाडी चालू केली.

परतीच्या रस्त्यात सगळे झोपले आणि मला मालढोक आठवला. १९७९ साली सोलापूर आणि आपल्या जिल्ह्याचा मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचा मुलूख मालढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाला. कर्जत, श्रीगोंदा, नेवासा त्यात होते. कागदावर एवढं मोठं अभयारण्य, आणि त्यात गावं, बाजार, शेतं, सगळंच. विकत कुणाचं काही घेतलं नाही, मोबदला दिला नाही. निर्बंध तेवढे आले. जमिनीचा व्यवहार अडला, कारखाना अडला की लोक त्या पक्ष्याला शिव्या घालायचे. आमच्या पिढीत कित्येकांनी मालढोक पाहिला नाही, पण त्याच्यावर राग धरला. शेवटी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या मंजुरीने क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर मालढोक महाराष्ट्रातून जवळजवळ गेलेला होता. फिलिप आयलंडचे लोक आपल्यापेक्षा दयाळू आहेत असं मला वाटत नाही. फरक एवढाच, की तिथे ज्याचं नुकसान होणार होतं त्याला त्याची किंमत मिळाली, आणि इथे नकाशावर रेघ ओढून फाइल बंद झाली.

लहान जागेत नीट राखलं तर आपल्याकडेही टिकतं. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० सालचं, सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही. तिथे काळवीट आहेत, इतके की कुंपणाबाहेर आमच्या ज्वारीत येतात. ज्वारी खाल्ल्याचे पंचनामे वेळेवर व्हावेत आणि भरपाई त्याच हंगामात हातात पडावी, एवढी आमच्या गावांची मागणी आहे. काळवीट हलवा अशी नाही. कर्जतकडून रात्री येणार असाल तर रेहेकुरीच्या अलीकडे-पलीकडे गाडी हळू चालवा. हिवाळ्यात ते कळपाने रस्ता ओलांडतात.